बुद्ध देव नाही, मग लेण्यांत एवढे देव कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या घरी रोज त्रिशरण-पंचशील होतं. बुद्ध देव नव्हता, कुणाचा अवतार नव्हता, माणूस होता, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण अजिंठा-वेरूळला गेलं की यक्ष, नाग, तारा, हातात कमळ घेतलेले बोधिसत्त्व! मग खरा धम्म कोणता समजायचा, पुस्तकातला की दगडातला? शिवाय गाईड सांगतात की मूर्ती नसलेली लेणी हीनयान आणि मूर्ती असलेली महायान. हे बरोबर आहे का?"

मी बरीच वर्षं लोकांना लेण्यांत नेऊन शिलालेख वाचायला शिकवतो. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कुणी ना कुणी विचारतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसरा भाग आधी घेऊ. ते सूत्र गाईडच्या सोयीचं आहे. पंधरा मिनिटांत चार लेणी उरकायची तर उपयोगी पडतं, पण शिलालेख त्याला साथ देत नाहीत. आपल्याकडच्या लेखांत संघाची जी नावं येतात ती वेगळीच आहेत: कार्ल्याला महासांघिक, नाशिकला आणि कान्हेरीला भद्रायणीय, सोपाऱ्याहून (आजचं नालासोपारा) आलेले धर्मोत्तरीय. भिक्खूंची विभागणी विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या, परंपरेवरून होत होती, मूर्तीवरून नव्हे. मूर्ती ही अडाणी उपासकांची हौस होती आणि विद्वान भिक्खू तिच्यापासून लांब राहायचे, हा आणखी एक लाडका समज. सारनाथला सापडलेली, माणसापेक्षाही उंच अशी उभी मूर्ती कुषाण सम्राट कनिष्काच्या राजवटीच्या तिसऱ्या वर्षी कोणी बसवली? बल नावाच्या भिक्खूने, आणि लेखात त्याची ओळख त्रिपिटकाचा जाणकार अशी दिली आहे. अजिंठ्यात पाचव्या शतकाच्या अखेरीस भिंतींवर जिथे जागा मिळेल तिथे लहान-मोठे बुद्ध रंगवले आणि कोरले गेले. त्यांच्याखालचे दानलेख वाचा. 'देयधर्मोऽयं शाक्यभिक्षोः' (हे शाक्यभिक्खूचं धर्मदान) अशी सुरुवात पुन्हा पुन्हा भेटते, म्हणजे दान देणारा भिक्खूच. मूर्ती आली ती भिक्खूंच्या हातून, निदान त्यांच्या पुढाकाराने.

मग जुन्या लेण्यांत मूर्ती नाही, तिथे श्रद्धेची जागा रिकामी होती का? भाजे लेण्यांत जा. चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाच्या वंदनेसाठी खोदलेल्या दालनात, गजपृष्ठाकार (हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार) छत आहे, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून लटकलेल्या आहेत, आत कललेले साधे अष्टकोनी खांब आहेत आणि टोकाला स्तूप. मूर्ती, कथा, नक्षी, काहीच नाही. पुष्कळ जण इथे म्हणतात, "बघा, किती शुद्ध, किती बुद्धिवादी!" त्यांना मी तसाच दक्षिणेकडे चौदा लहान स्तूपांच्या गटाकडे घेऊन जातो. काही स्तूप उघड्यावर, काही कातळाच्या छपराखाली, आणि त्यांतल्या काहींवर थेरांची नावं कोरलेली आहेत: धम्मगिरी, अंपिनिक, संघदिन. इथे राहून गेलेल्या वडीलधाऱ्या भिक्खूंची ही स्मारकं. मृत थेर विहाराच्या आवारातच, जिवंत भिक्खूंच्या शेजारी राहिले. स्तूपाला आपण आज 'प्रतीक' म्हणून मोकळे होतो. ज्यांनी तो खोदला त्यांच्या लेखी त्यात कुणीतरी होतं.

हा माझा तर्क वाटत असेल तर कार्ल्याला चला. महाचैत्य सुमारे १२४ फूट लांब आहे, वैजयंतीच्या भूतपाल शेठने घडवून घेतला आणि लेखात बिनदिक्कत लिहून ठेवलं की जंबुद्वीपात याच्या तोडीचं शैलगृह नाही. (विनम्रता हा बौद्ध गुण असेल, देणगीदारांचा नव्हता.) आतल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय परंपरेतला सातिमित नावाचा भाणक, म्हणजे सुत्तं मुखोद्गत असणारा भिक्खू, आपलं दान नोंदवतो. दान कशाचं? 'ससरीरो थभो', शरीरधातूसह खांब. (धातू म्हणजे इथे पूज्य व्यक्तीचे अवशेष.) त्या खांबावर कमळ कोरलेलं आहे आणि कमळाच्या मध्यभागी धातू ठेवण्यासाठी खोबण केलेली आहे. बॅटरीचा उजेड तिरपा मारला की नीट दिसते. म्हणजे मूर्ती नसलेल्या या चैत्यगृहात धातू फक्त स्तूपाशी निगडित नव्हता, खांबातही होता. सुत्तं पाठ असलेल्या माणसाला ते कमी दर्जाचं वाटलं नाही.

सातिमितच्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खोदलं. पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय असावं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाचं भिक्षापात्र म्हणून कुणीतरी जपलेली खापरं. करंड्याभोवती आठ लहान कांस्यमूर्ती होत्या, त्या बऱ्याच नंतरच्या काळात ठेवलेल्या: सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. बौद्ध कला काय सांगते असं कुणी एका वस्तूवरून विचारलं तर मी अजिंठ्याचा पद्मपाणी दाखवणार नाही, ही पेटी दाखवेन. सगळ्यात मोलाच्या धातूच्या आत सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, कारण ती 'त्याच्या' हातातली होती. आणि भोवतीचे आठ जण सांगतात की गौतम हा एकटा चमत्कार नव्हता. आधी होऊन गेले, पुढे होणार आहेत. अनित्यता शिकवणाऱ्या धम्मात हा भरवसा किती मोठा आहे याचा विचार करा.

आता यक्ष-नागांकडे येऊ. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर भरदार स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. भिक्खूंच्या दारात या कशाला, असा प्रश्न शाळेच्या सहलीत शिक्षकांनाच पडतो आणि ते मुलांना घाईने आत हाकतात. दारात जोडपं, भरलेला घट, लक्ष्मी हे शुभ मानणं कुठल्या एका धर्माच्या मालकीचं नव्हतंच. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात एका चैत्यगृहाच्या कमानीवर चक्क लक्ष्मी आहे, दोन बाजूंना हत्ती. दान देणारेही एकाच खात्यात पैसे भरणारे नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात लिहितो की त्याने तीन लाख गायी दान केल्या, देवाब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाखभर ब्राह्मण जेवू घातले. आणि त्याच त्रिरश्मी डोंगरावर भिक्खूसंघासाठी लेणं खोदवलं. नुसतं खोदवून थांबला नाही. २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवीत टाकले. हिशोब करा: वर्षाचे २४० कार्षापण, म्हणजे लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. बरोबर तेवढेच लेखात नोंदवले आहेत. आपण आज मनात जी रेघ ओढतो, अमुक बौद्ध आणि तमुक वैदिक, ती या माणसाच्या मनात नव्हती. होती ती पुण्याची खातेवही, आणि व्याजासह.

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. कार्ल्याच्याच दाराशी धेनुकाकट गावचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, दार आपण केल्याचं लिहून ठेवतो. त्याच गावच्या यवनांची (त्या काळी हा शब्द ग्रीकांसाठी होता) नावं खांबांवर आहेत. माझ्याबरोबर आलेल्यांना मी आधी ही नावं शोधायला लावतो, शिल्पं नंतर. जिथे राजाचं नाव आणि सुताराचं नाव एकाच चैत्यगृहात हाताच्या अंतरावर येतं, तिथे दान कुणाचंही चालतं ही शिकवण वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

आता अजिंठा. लेणी क्रमांक १० बहुतेक जण घाईत टाकतात, कारण चित्रं काळवंडली आहेत. डाव्या भिंतीवर राजा, स्त्रिया आणि परिवार बोधिवृक्षाला वंदन करताना दिसतात. बुद्ध नाही, झाड आहे. हे इसवी सनापूर्वीचं. त्याच लेण्यात खांबांवर पाचव्या शतकातले बुद्ध रंगवलेले आहेत, एकेक उभा किंवा बसलेला, प्रभावळीसह. नंतरच्यांनी जुनं पुसलं नाही, मोकळ्या जागेत आपलं मांडलं. कार्ल्याला मात्र बुद्धाच्या मूर्ती कोरण्यासाठी जुन्या वेदिकेची, म्हणजे दगडी कठड्याची, नक्षी तासली, तीही तुम्हाला दर्शनी भिंतीवर दिसेल.

पाचव्या शतकात काय बदललं हे जमिनीच्या आराखड्यावरून जितकं कळतं तितकं चेहऱ्यांवरून कळत नाही. जुन्या विहाराच्या मागच्या भिंतीत भिक्खूची खोली असायची. अजिंठ्याच्या नव्या विहारांत त्या मधल्या खोलीत बुद्ध येऊन बसला. क्रमांक ११ मध्ये हा बदल अर्ध्यावर सापडतो: बसलेल्या बुद्धाच्या पाठीला अपुरा स्तूप चिकटलेला आहे. क्रमांक १९ मध्ये बुद्ध स्तूपाच्याच अंगावर उभा आहे. क्रमांक १७ च्या लेखात बुद्धाच्या निवासाला गंधकुटी म्हटलं आहे, म्हणजे श्रावस्तीला जिवंत बुद्ध राहायचे त्या कुटीचं नाव. माझं मत असं की अजिंठ्याचा बुद्ध देवळातल्या देवासारखा नाही, तो त्या विहारातला सर्वांत ज्येष्ठ रहिवासी आहे. डाव्या-उजव्या हाताला त्याच्याच रांगेत भिक्खूंच्या खोल्या आहेत. गर्भगृहाकडे टक लावून बघणाऱ्यांच्या त्या नजरेतून सुटतात.

भिंतींवर काय रंगवायचं यालाही नियम होते. मूलसर्वास्तिवादी नावाच्या जुन्या संघपरंपरेच्या विनयात, अनाथपिंडिक या श्रावस्तीच्या दानशूर व्यापाऱ्याने विहार रंगवण्याची हकीकत येते. बाहेरच्या दारावर दंड घेतलेला यक्ष, ओसरीवर भवचक्र (जन्म-मरणाच्या फेऱ्याचं चित्र) आणि बुद्धाने श्रावस्तीला दाखवलेला चमत्कार, भोजनाच्या जागी अन्न घेतलेले यक्ष, पाण्याच्या जागी घट घेतलेले नाग, आजाऱ्यांच्या खोलीत रुग्णाची सेवा करणारे खुद्द तथागत, आणि शौचकूपाच्या जागी भयाण स्मशान. मला यातली आजाऱ्यांची खोली सगळ्यात आवडते. अजिंठ्याच्या क्रमांक १७ मध्ये ओसरीच्या डाव्या भिंतीवर भवचक्राचा उरलेला भाग आहे, चक्र धरणारे मोठे हात ओळखू येतात. आणि विनय पुढे सांगतो की येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगायला एक भिक्खू दारात नेमावा. आमचा धंदा इतका जुना आहे!

क्रमांक २ मध्ये गर्भगृहाच्या उजवीकडच्या लहान दालनात हारिती आणि तिचा नवरा पाञ्चिक बसले आहेत. हारिती यक्षिणी लोकांची मुलं खायची. बुद्धाने तिचं धाकटं मूल लपवलं, ती वेडीपिशी झाली, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं. तिने मुलं खाणं सोडलं आणि संघाने तिला रोज घास द्यायचं कबूल केलं. शिल्पाच्या खालच्या पट्टीत छडी घेतलेले गुरुजी, समोर मुलं आणि मागच्या टोकाला अभ्यास सोडून एडक्यांची झुंज लावणारी पोरं आहेत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दालनात आहे. यक्ष-नाग-देव यांना बुद्धाने नाहीसं केलं नाही, त्यांना संघाच्या कामाला लावलं. ते आहेत, पण दारात आहेत, ओसरीवर आहेत, चवऱ्या ढाळतायत, माळा घेऊन उडतायत. मुक्ती त्यांच्या हातात नाही. कुणाला कुठे उभं केलंय हे बघितलं की हा दर्जा लगेच कळतो.

बोधिसत्त्वांचं, म्हणजे इतरांच्या मदतीसाठी झटणाऱ्या भावी बुद्धांचं, तसं नाही. त्यांच्यातला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर दारातला पहारेकरी राहिला नाही. औरंगाबाद लेण्यांपैकी क्रमांक ७ च्या ओसरीत त्याचं एक मोठं शिल्प आहे, तिथे निदान अर्धा तास द्या. मध्ये उंच, शांत अवलोकितेश्वर. दोन्ही बाजूंना चार-चार चौकटी, प्रत्येकीत एक संकट: आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती आणि शेवटचा मृत्यू. माणसं चिमुकली, संकट अंगावर आलेलं, आणि आर्जव मधल्या आकृतीला. सद्धर्मपुंडरीक या महायान सूत्रात अवलोकितेश्वरावर अख्खा अध्याय आहे: संकटात त्याचं नाव घ्या, तो येतो. पण भीतींची ही यादी बारकाईने वाचा. कातळात लेणी खोदवणारे कोण होते? घाटवाटांनी बैल हाकणारे, सोपारा-कल्याणहून जहाजं पाठवणारे व्यापारी. वाटेत चोर, जंगलात सिंह-हत्ती, समुद्रात तुफान. कान्हेरीच्या क्रमांक ९० मध्ये हाच देखावा आहे, अजिंठ्याच्या क्रमांक ४ च्या दाराशेजारी आहे, वेरूळलाही आहे. इतक्या ठिकाणी तोच विषय आला, कारण ती भीती रोजची होती. ग्रंथात करुणा हा गुण असतो, इथे ती वाटेवरची मदत आहे. (कान्हेरीच्या त्याच ९० क्रमांकात १००९ आणि १०२१ सालचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत. इराणी पारशी मंडळी बघायला आली आणि नावं लिहून गेली. भिंतीवर नाव लिहिण्याचा रोग आजचा नाही, तरी आपण तो चालवू नये.)

पुढे वेरूळला तारा, महामायूरी आणि क्रमांक १२ च्या तीनतालात बोधिसत्त्वांच्या रांगा येतात. तो तंत्राकडे जाणारा, वेगळाच मोठा विषय आहे, इथे नुसता उल्लेख करतो. एवढंच लक्षात ठेवा की क्रमांक ६ मधली मोराजवळची देवी पुष्कळांना सरस्वती वाटते. ती महामायूरी, सर्पदंशापासून राखणारी. तिच्याजवळ खाली एक छोटी आकृती पोथी वाचत बसली आहे.

आणि अजिंठ्याचं क्रमांक २६. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने हे लेणं अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ केलं. त्याच्या लेखात दोन विचार शेजारी-शेजारी येतात. एक, बुद्धाला वाहिलेलं एक फूलसुद्धा स्वर्ग आणि मोक्षाचं फळ देतं. दुसरा, जगात माणसाची आठवण जिवंत आहे तोवर तो स्वर्गात आनंदात राहतो, म्हणून चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात करावं. सगळं अनित्य आहे असं शिकवणारा भिक्खू कायमचं काही करायला कातळ निवडतो, आणि कारणही लपवत नाही. याच लेण्यात डाव्या बाजूला महापरिनिर्वाणाचं सुमारे सात मीटर लांबीचं शिल्प आहे. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेला, चेहरा स्वस्थ. खाली शिष्य आणि उपासक शोकात बुडालेले. वर देव वाद्यं वाजवत आलेले. तिपाईवर पाण्याचं भांडं, शेजारी पाठमोरा बसलेला शेवटचा शिष्य सुभद्र. एकाच मृत्यूकडे तीन नजरा आहेत, आणि शिल्पकाराने रडणाऱ्यांना चुकीचं ठरवलेलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न: खरा धम्म कोणता? बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत बुद्ध विष्णूचा अवतार नाही हे स्पष्ट आहे, देवदेवतांना नकार आहे. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि त्याला कातळातून प्रमाणपत्र आणण्याची गरज नाही. पण मग उलट बाजूनेही ओढाताण करू नये. लेण्यांतली तारा 'नंतरची भेसळ' आणि भाजे 'अस्सल' अशी वर्गवारी करायला गेलात तर भाज्याचे चौदा स्तूप आणि कार्ल्याचा सशरीर खांब आड येतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या बौद्धांची श्रद्धा तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळी होती. ते आपले पूर्वज आहेत म्हणून त्यांनी आपल्यासारखंच मानलं असलं पाहिजे असं नाही. बाकी, दादरच्या चैत्यभूमीवर सांचीसारखं तोरण आहे आणि दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कापर्यंत लागलेल्या रांगेतल्या कुणाला स्तूप म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

मूर्तीला नमस्कार करावा की नाही, हे विचारलेलं नाही, पण सोबत आलेले लोक हमखास विचारतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी लेण्यात शिरताना वंदन करतो, मग कामाला लागतो. हात मात्र लावू नका, मेणबत्ती-अगरबत्ती पेटवू नका. अजिंठ्याच्या रंगांचं धुराने पुरेसं नुकसान झालेलं आहे.

बघायला निघणार असाल तर क्रम उलटा करू नका: आधी भाजे आणि कार्ले एका दिवसात, शक्यतो सकाळी भाजे, कारण कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी चढत जाते. मग नाशिक. औरंगाबाद लेणी अजिंठ्याच्या आधी बघा, नंतर बघितली की थकलेल्या डोळ्यांना ती फिकी वाटतात आणि अवलोकितेश्वराची ती आठ संकटं नीट बघितली जात नाहीत. चांगली बॅटरी घ्या, मोबाईलचा उजेड पुरत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.